बंद शटरसमोरची रांग

"हलू नकोस! तू हललास की कला मोडते!"

"मॅडम, कला मोडू दे, इथे माझे गुडघे मोडायला आलेत!"

वाकोल्यातल्या एका बंद शटरसमोर सम्यक भर उन्हात भांडत होता, पण तोंड शटरकडेच ठेवून. मागे वळायला बंदी होती. प्रायोगिक परफॉर्मन्स आर्टच्या कार्यशाळेतलं हे प्रात्यक्षिक: जिथे काहीच मिळत नाही तिथे रांग लावायची आणि लोकांनी विचारलं तर गप्प राहायचं. मृणालिनी मॅडम याला 'प्रतीक्षेचं शिल्प' म्हणायच्या. सम्यकने शाळा सोडली, जिम सोडली, मोबाइल रिपेअरिंग सोडलं. हेही अर्धवट सोडलंस तर थेट सांगलीला, दशरथमामाच्या पोल्ट्रीवर, असं आईने बजावलं होतं. म्हणून तो सगळ्यात पुढे उभा होता.

सुरुवातीला शिल्पात कार्यशाळेचीच पोरं होती. मग एक आजोबा आले. "कसली लाइन?" कोणी बोलेना. म्हणजे नक्की चांगलं काहीतरी असणार, असं ठरवून ते रांगेत मागे उभे राहिले. मग बायका आल्या. त्यांनी आपापल्या जागी चप्पल, बादली ठेवली आणि त्या घरी कुकर लावायला गेल्या. कोणीतरी हळूच दुधाची पिशवीही ठेवून गेलं. चपला-बादल्यांचा मान राखत रांग हायवेकडे वळली.

दुपारी स्थानिक पुढाऱ्याचा माणूस बाळा आला. त्याने दोरी बांधली, ज्येष्ठांची रांग वेगळी केली आणि बॅनर लावला: 'रांग उपलब्ध करून दिल्याबद्दल साहेबांचे जाहीर आभार.' साहेब त्यात हात जोडून हसत होते.

"सम्या! मी पार रिक्षा स्टँडजवळ आहे रे! मला पुढे घे ना!"

आईचा आवाज. काम बुडवून आली होती.

सम्यकचं डोकंच सटकलं. बोललं तर सांगली, न बोललं तर आई उन्हात. तो गर्रकन वळला. "आई, घरी जा! इथे काय नाय मिळत! ही कला आहे!"

आजोबा मान डोलावत म्हणाले, "हुशार आहे पोरगा. सगळ्यांना घरी पाठवून एकटाच घेणार."

"अहो, हे शटर वर्षभर बंद आहे!"

"म्हणजे आता उघडायलाच आलं."

आई तरातरा पुढे आली. "सख्ख्या आईला फसवतोस?"

"तू वळलास," मॅडम म्हणाल्या. "प्रमाणपत्र विसर. पण जागा धरून ठेव हं, मी तुझ्या मागेच आहे."

"मॅडम! इथे काही नाही, तुम्हीच सांगितलंत ना!"

"ते सकाळी होतं रे. आता एवढी माणसं उभी आहेत, म्हणजे..."

तेवढ्यात शटर वर गेलं. गर्दी पाहून वरून तातडीने सरकारी खिडकी सुरू करण्याचा आदेश आला होता. आत एक टेबल, एक शिक्का आणि एक कारकून.

"पहिला कोण? रांगेत उभं राहिल्याचा दाखला आणलाय?"

"तो कुठे मिळतो?"

"मागच्या बाजूला. तिथे रांग आहे."

आईने सम्यकला ढकललं. "बघत काय बसलास? सांगलीचं नंतर बघू, आधी तिकडे नंबर लाव!"

हे सगळं फुटपाथवरून मजेत बघत तुमच्याआमच्यासारखे एक शहाणे काका हसत होते. "येडे आहेत सगळे."

"हसा, काका," सम्यक म्हणाला. "पण आजोबांच्या मागची ती दुधाची पिशवी तुमचीच ना?"

काकांनी हळूच पिशवीकडे पाहिलं. सम्यक वळला.

"मी निघतो आता. तिकडची रांग वाढतेय."