भास्करअण्णांची मस्त हवा

आमच्या शेजारच्या भास्करअण्णांनी दाढीचा आरसा अंगणातल्या कडुनिंबाला टांगला, तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं आहे. पेपर मिलमधून रिटायर झालेला माणूस. जन्मभर बांबूचा लगदा केला आणि आता म्हणे निसर्गाशी जुडायचंय!

जेवण बाहेर, चहा बाहेर, झोप बाहेर. तेही बुऱ्हाणपूरच्या वैशाखात! बनियन घामाने चिकटलेलं आणि वर मलाच हाका. "ओ वहिनी, भिंतीत काय घुसून बसल्या? बाहेर निघा! काय मस्त हवा चालू राहिली!" हवा कसली, झळा त्या.

बरं, करतात ते तरी नीट? ऐन कळ्यांवर आलेला मोगरा छाटून टाकला. मी कुंपणावरून बोलले, तर घराकडे बघत मोठ्याने म्हणतात, "ज्याला येतं त्यानं करावं ना मग!"

आणि घरात कोण? त्यांची बायको, सुमनताई. लकव्यातून उठल्या, चालायला लागल्या, पण तोंड जरा वाकडं राहिलं. "लोकं तोंडाकडंच पाहतात," म्हणून उंबरा ओलांडत नाहीत. एके काळी अख्ख्या गल्लीच्या कुरडया त्यांच्या देखरेखीखाली व्हायच्या. अशा बाईला आत टाकून हा गृहस्थ झाडाखाली हवा खातो! संताप येणार नाही तर काय?

परवा तर कहर झाला. अण्णांनी अंगणात चूल पेटवून कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजायला ठेवला. एकट्याने! मी धावले. चीक रटरटतोय आणि हे उलथणं हातात धरून आभाळ बघतायत.

"अण्णा, हलवा ना! गाठी होतायत!"

"होऊ द्या," ते हळूच म्हणाले. मग दाराकडे तोंड करून ओरडले, "एकदम फस्क्लास झाला चीक!"

"काय फस्क्लास?" आतून आवाज आला. "करपला तो! वास इथपर्यंत येऊन राहिला!"

आणि सुमनताई पदर खोचत, भिंत धरत, थेट चुलीपाशी. उलथणं हिसकावून घेतलं. "अहो, कोणी सांगितलं होतं तुम्हाला? साऱ्या गव्हाची माती करून टाकली!" अशा काही झापत होत्या, की गोळा झालेल्या गल्लीतल्या बायका पातेल्यातच बघत राहिल्या. त्यांच्या तोंडाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

फक्त अण्णांचं होतं. त्यांनी आपली खुर्ची हळूच सुमनताईंच्या मागे सरकवली आणि स्वतः मातीत बसून बोलणी खात राहिले.

"पाहा वहिनी," मला म्हणाले, "काय मस्त हवा चालू राहिली."

झळाच होत्या. पण मी हो म्हणाले.