लाकडी वासाचा ठराव

उत्तर कॅलिफोर्नियातल्या आमच्या डोंगराळ खोऱ्यातल्या गांजाला यापुढे लाकडाचाच वास यावा, असा ठराव उत्पादक मंडळाने एकमताने मंजूर केला. शहरातल्या गिऱ्हाइकाला संत्र्या-लिंबाच्या वासाचा कंटाळा आला होता. त्याला आता जंगल हवं होतं. जंगलात राहायला मात्र नको होतं.

वास बियाण्यात बापाकडूनही उतरतो. म्हणून लाकडी वासाची नर झाडं तेवढी राखायची आणि बाकीची उपटायची, कारण वारा कुणाचा पराग कुठे नेईल याला मंडळाची परवानगी लागत नाही. नराला मादीसारखा घमघमणारा फुलोरा नसतो. त्याचा देठ बोटांनी चोळायचा आणि बोटं हुंगायची, ही आमची जुनी पद्धत. प्रयोगशाळेला खर्च येतो, बोटं फुकट असतात.

हुंगण्याचं काम अध्यक्ष क्लेटन हॅस्केल यांच्याकडे आलं. सकाळभर स्वतःच्या परसात देवदाराच्या फळ्यांचं कुंपण ठोकून ते थेट तपासणीला निघाले. पहिल्या मळ्यात देवदार. दुसऱ्या मळ्यातही देवदार. माझ्या नरांचाही वास देवदाराचाच निघाला आणि मी आक्षेप घेतला नाही.

शेवटचा मळा वर्ना पिकेटचा. तिच्या आईने पोलिसांच्या धाडींतून लपवून जगवलेलं वाण, आणि त्याचा एकच नर उरलेला. वर्नाने अध्यक्षांना जेवू घातलं, हात धुवायला गॅरेजवाले वापरतात तो संत्र्याचा साबण दिला. मग अध्यक्षांनी देठ चोळला, बोटं हुंगली आणि खेदाने निकाल दिला: संत्रं.

"क्लेटन, हा माझ्या साबणाचा वास आहे," वर्ना म्हणाली. "आणि सकाळचा तुझ्या कुंपणाचा होता. नुसत्या पाण्याने हात धू आणि परत बघ. आईचं वाण आहे रे. हा गेला की संपलं."

"मला कळतं गं," अध्यक्ष म्हणाले. "पण तुझ्याकडे परत हुंगलं तर सगळ्यांकडेच परत हुंगावं लागेल."

मुद्दा बिनतोड होता. कुंपणच शेत खातं ते असं. मंडळाने तातडीची बैठक घेऊन अध्यक्षांचा हात हेच अधिकृत प्रमाण ठरवलं, आणि प्रमाणाची शुद्धता टिकावी म्हणून तपासणीच्या दिवशी त्यांनी हात धुऊ नयेत अशी शिफारसही केली. वर्नाचा नर त्याच संध्याकाळी उपटला. ती रडत होती. आम्ही टोप्या काढून अदबीने उभे राहिलो. लाज मात्र कुणालाच वाटली नाही.

पुढच्या सुगीला माल आला. त्याला लाकडाचा सोडून बाकी सगळे वास होते. मंडळाच्या सभागृहात सॅन फ्रान्सिस्कोहून आलेल्या तज्ज्ञाने आमचं लाकडी वासाचं प्रमाणपत्र वाचलं, मग डोळे मिटून फुलोरा हुंगला आणि म्हणाला, "वा, घनदाट अरण्य." एकेक करून आम्ही सगळ्यांनी हुंगलं. सगळ्यांना अरण्य आलं.

"मला नाही येत," वर्ना म्हणाली.

"बाईंना सर्दी झालीय वाटतं," तज्ज्ञ म्हणाला, आणि सभागृह हसलं. सर्वांत मोठ्याने मी हसलो.

तुम्ही मान हलवू नका. आजूबाजूचे सगळे डोळे मिटून ‘वा’ म्हणत असताना, ‘मला नाही बुवा येत’ असं तुम्ही शेवटचं कधी म्हणाला होता?