साडेबाराचं जेवण

कंट्रोलरसाहेबांनी जेवणाचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं तेव्हा सकाळचे सहा वाजले होते. बटाटे सोलणे, सात दहा. सूप चढवणे, अकरा पाच. पाहुण्यांचं आगमन, साडेबारा. अडतीस वर्षं डेपोतून बसगाड्या सोडलेला माणूस. त्याच्या हातून बटाटेही वेळेवरच सुटायचे.

वर्षअखेरच्या सुट्टीला ते दुपारी घरी असण्याची ही पहिलीच खेप. सुट्टीची गर्दी म्हणून साहेब त्या दिवशी कायम ड्यूटीवर. संध्याकाळी आले की बायको ताट गरम करून वाढायची आणि दर वर्षी तेच सांगायची, "सगळे अगदी वेळेवर आले हो." ते भरून पावायचे. यंदा मार्चमध्ये ते निवृत्त झाले. पुढच्या सुट्टीला दोघांनी एका वेळी जेवावं, एवढंच त्यांनी देवाकडे मागितलं होतं. देवाने सुट्टी दिली आणि जूनमध्ये तिला बोलावून घेतलं.

मुलाचं म्हणणं, यंदापासून माझ्याकडेच जमू, तुम्ही कुठे खटपट करता. मुलीनेही त्याचीच री ओढली. साहेबांना कळत होतं, एकदा तिकडे जेवणं सुरू झाली की या घराचा उंबरठा कुणी ओलांडणार नाही. मोठ्या मिनतवारीने त्यांनी एक वर्ष मागून घेतलं: माझ्या हातचं खाऊन बघा, नाही जमलं तर तुमचं खरं. मग प्रत्येकाला स्वतः फोन करून वेळ कळवली. दोनदा.

बारा एकोणतीसला सगळं तयार होतं. साडेबाराला कुणी आलं नाही. पाऊण वाजला. सूप पुन्हा तापवलं तर आटून खळ झाली. पाणी घातलं तर कपडे भिजवलेल्या पाण्यासारखं दिसू लागलं. ऊब राहावी म्हणून ओव्हनमध्ये ठेवलेल्या बटाट्यांच्या गोट्या झाल्या. फोनकडे हात गेला आणि परत आला. उशिरा आलेल्या ड्रायव्हरला जाब विचारता येतो. पोरांना काय विचारायचं? ती आईसाठी येत होती. आई गेली, येणं संपलं.

एक वाजता वरच्या मजल्यावरची नर्स लांबलेली ड्यूटी संपवून दोन मैत्रिणींबरोबर जिना चढत होती. तिने दारातून विचारलं, "काका, काही जळतंय का?"

"जळून झालं. जेवता का?"

तिघी सकाळपासून उपाशी. त्यांनी खळ प्यायली, गोट्या फोडल्या, भात संपवला. साहेबांनी आग्रह करकरून वाढलं आणि उरलेला केकही वॉर्डातल्यांसाठी डब्यात भरून दिला. त्या गेल्या आणि साहेब खरकट्या भांड्यांसमोर हात जोडून बसले.

एक पस्तीसला बेल वाजली. दारात मुलगा, सून, मुलगी, जावई, नातवंडं, सगळे हसत.

"काय बाबा, आहोत की नाही वेळेवर?" मुलगा म्हणाला आणि त्याची नजर रिकाम्या पातेल्यांवर गेली.

"साडेबारा सांगितलं होतं मी."

"हो, म्हणजे दीड," मुलगी म्हणाली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पूर्वी ही मंडळी तासभर उशिरा यायची, म्हणून आईने तास आधीची वेळ सांगायला सुरुवात केली. ते पोरांनी ओळखलं. पोरांनी ओळखलंय हे तिनेही ओळखलं. कुणी कुणाला काही बोललं नाही, आणि जेवण कधी गार झालं नाही.

"माझ्या घरात," साहेब म्हणाले, "एवढी वर्षं खोटं वेळापत्रक चाललं?" आणि ते हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना, तशी मुलगी शेजारी बसून राहिली.

घरात अंडी होती, पाव होता. जावयाने आम्लेटं करपवली. सगळ्यांनी ओट्याभोवती उभ्यानेच खाल्लं.

निघताना मुलगा बुटांच्या नाड्या बांधत होता. मान वर न करता त्याने विचारलं, "पुढच्या वर्षी किती वाजता यायचं?"

साहेबांनी मनाशी हिशेब केला. आयुष्यात त्यांनी कुणाला चुकीची वेळ सांगितली नव्हती.

"साडेअकरा," ते म्हणाले. "एक मिनिट इकडेतिकडे चालणार नाही."

कुणी हसलं नाही. मुलीने पुढे होऊन त्यांच्या सदऱ्याची सुटलेली गुंडी लावली.

"बरं बाबा," ती म्हणाली. "साडेअकरा."