अकराव्या प्रांताच्या प्रमुख पाहुण्या

"टर्क्स अँड केकॉस बेटं कॅनडात येणार, आणि यंदाच येणार," असं जनार्दन देवस्थळी यांनी मार्च २०१६मध्ये सस्काटूनच्या आपल्या किचनमध्ये जाहीर केलं. बाहेर उणे बावीस होतं. सुहासिनीबाई गुडघ्याला तेल चोळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, कारण ही घोषणा त्या बेचाळीस वर्षं ऐकत होत्या.

त्याचं असं झालं होतं. १९७४ साली, लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात, खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फ धरलेला पाहून सुहासिनीबाई रडल्या होत्या. पोटॅशच्या खाणीत नव्यानेच लागलेल्या इंजिनिअर नवऱ्याने त्यांची समजूत काढली. "थोडी कळ काढ. पार्लमेंटमध्ये बिल आणतायत. कॅरिबियनमधली ब्रिटिशांची काही बेटं कॅनडा घेतोय. घेतली की आपण हिवाळाभर तिकडेच." बिल बारगळलं, वचन मात्र राहिलं. पुढे दर काही वर्षांनी ती बातमी परत यायची, जनार्दनराव कात्रण कापून फाइलीत लावायचे आणि सुहासिनीबाई ड्राइव्हवे शोव्हल करायला, म्हणजे दारातलं बर्फ उपसायला, जायच्या. यंदा तर त्यांच्या सस्काचेवान प्रांतातल्याच एका पक्षाच्या शाखेने बेटांना कॅनडाचा अकरावा प्रांत करण्याचा ठराव पुढे केला होता. जनार्दनरावांना जेवण गोड लागेना.

"बरं," सुहासिनीबाई तेलाची बाटली बंद करत म्हणाल्या, "मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात तुमचं भाषण आहे ना? मग तिथेच सगळ्यांसमोर सांगा, मला कधी नेणार ते. नाही सांगितलंत तर मी यामिनीकडे व्हँकुव्हरला चालले. कायमची."

यामिनी म्हणजे त्यांची मुलगी. सुहासिनीबाईंचा आवाज अजिबात चढला नव्हता, आणि जनार्दनराव घाबरले ते त्यामुळेच.

आता मराठी माणसाचं नुसत्या भाषणाने भागत नाही. अध्यक्ष लागतो, प्रमुख पाहुणे लागतात, शाल आणि नारळ लागतो. अध्यक्ष म्हणून विश्वनाथ पाटणकर होतेच, ते तहहयात होते. प्रमुख पाहुणे बेटावरचेच हवेत असा जनार्दनरावांनी हट्ट धरला आणि आठवडाभर युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात खेटे घातले. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात मिसेस लाइटबोर्न सापडल्या. पन्नाशीच्या बाई, गाव ग्रँड टर्क, तिथे सरकारी नोकरीत, इथे वर्षभराच्या कोर्सला आलेल्या. "जेवण असेल तर येईन," म्हणाल्या.

जनार्दनरावांनी विश्वनाथांना फोनवर एवढंच सांगितलं, "पाहुण्या तिथल्या सरकारात आहेत." विश्वनाथांनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, "बेटांच्या सरकारचे प्रतिनिधी येणार." संध्याकाळपर्यंत प्रतिनिधींच्या मंत्री झाल्या. शुक्रवारी रेजायना शहरातल्या मराठी मंडळींकडून विचारणा आली की बेटावरच्या प्लॉटसाठी अर्ज कार्यक्रमातच भरायचे का. एरवी पाडव्याला पन्नास टाळकी जमायची, ती या वेळी दीडशे जमली. श्रीखंड साठ जणांचं होतं.

जनार्दनराव मात्र भाषणात रंगात आले. चाळीसच्या आसपास बेटं, वस्ती मोजक्या आठ-नऊंवर, राजधानी ग्रँड टर्क बेटावर. बर्म्युडाचे लोक येऊन तिथे मिठागरं चालवायचे. राज्य कधी बहामाचं, कधी जमेकाचं, शेवटी थेट लंडनचं. २००९मध्ये भ्रष्टाचाराच्या चौकशीनंतर लंडनने तिथलं सरकारच बाजूला केलं आणि तीन वर्षं गव्हर्नरने कारभार पाहिला. "आणि त्यांचं मीठ जायचं कुठे? तर आपल्या नोव्हा स्कोशियात, मासे खारवायला. म्हणजे कॅनडाने त्यांचं मीठ खाल्लंय. आता जागायला नको?" टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून कोणीतरी "श्रीखंड कधी?" असंही विचारलं.

मग सत्कार झाला. नारळ सकाळपासून विश्वनाथांच्या गाडीच्या डिकीत राहिला होता आणि गारठून दगड झाला होता. मिसेस लाइटबोर्ननी तो हातात घेतला आणि गालाला लावला. "सात महिन्यांनी नारळ हातात आला," त्या इंग्रजीत म्हणाल्या. पहिल्या रांगेत सुहासिनीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. ७४ साली सगळं सस्काटून पालथं घालूनही त्यांना नारळ मिळाला नव्हता, ते दुःख त्यांना जसंच्या तसं आठवलं.

प्रश्न सुरू झाले. विश्वनाथांनी घसा साफ केला. "मॅडम मिनिस्टर, प्लॉट अलॉटमेंट कधी स्टार्ट होणार?"

"मिनिस्टर?" बाईंनी मागे वळून पाहिलं. "मी गाढवांची डॉक्टर आहे."

बाईंनी शांतपणे खुलासा केला. मिठाच्या गाड्या गाढवं ओढायची. मिठाचा धंदा बुडाला, माणसं दुसऱ्या कामाला लागली, गाढवं मोकळी सुटली. त्यांना लस टोचायचं काम सरकारात या बाईंकडे होतं.

"पण प्रांत? अकरावा प्रांत?" जनार्दनरावांचा आवाज चिरकला.

"सर, दर जानेवारीत एखाद्या कॅनेडियनला आमची आठवण येते. जूनमध्ये कोणालाच येत नाही. आणि आम्हाला काय वाटतं ते विचारायचं सगळेच विसरतात."

रेजायनाची मंडळी कोट शोधू लागली. जनार्दनराव माइक धरून उभे होते, आणि सुहासिनीबाई उठल्या. आता सगळ्यांसमोर शोभा होणार म्हणून जनार्दनरावांनी डोळे मिटून घेतले.

"मॅडम," सुहासिनीबाईंनी विचारलं, "तिथे यायला आम्हाला व्हिसा लागतो?"

"व्हिसा? नो, मॅम. कॅनेडियन पासपोर्ट असला की झालं. टोरांटोहून थेट विमान, चार तास. टोरांटोचे लोक तर दर हिवाळ्यात येतात."

"आत्ता? प्रांत न होता?"

"आत्ता. उद्यासुद्धा."

सुहासिनीबाई हळूच नवऱ्याकडे वळल्या. बेचाळीस हिवाळे त्या एका नजरेत होते. जनार्दनराव पुटपुटले, "प्रांत झाला असता तर डोमेस्टिक फ्लाइट स्वस्तात पडली असती."

त्या रात्रीच तिकिटं निघाली असती, पण जनार्दनरावांचा पासपोर्ट २०१२ सालीच संपला होता. आपल्याच देशात जायला पासपोर्ट कशाला, म्हणून त्यांनी तो नवा केला नव्हता. "मग तुम्ही प्रांत झाला की या," असं म्हणून सुहासिनीबाई पुढच्या आठवड्यात मैत्रीण शीलाला घेऊन निघूनही गेल्या. त्या दिवशी पुन्हा बर्फ पडला आणि ड्राइव्हवे जनार्दनरावांना स्वतः शोव्हल करावा लागला. घर फार मोठं वाटलं. ती तिकडून परस्पर व्हँकुव्हरला गेली तर, या विचाराने त्यांना दोन दिवस झोप नव्हती.

तिसऱ्या दिवशी फोटो आला. सुहासिनीबाई गुडघाभर निळ्या पाण्यात, शेजारी एक गाढव, आणि दोघांचेही दात दिसतायत. खाली लिहिलं होतं, "गुडघे दुखत नाहीत. शेजारच्याने पासपोर्ट मागितला नाही. याला बघून तुमची आठवण आली. पुढच्या खेपेला तुम्हाला घेऊनच येईन."

जनार्दनरावांनी फोटो प्रिंट करून फाइलीत शेवटच्या कात्रणावर लावला आणि तडक पासपोर्टचा फोटो काढायला गेले. पासपोर्टच्या फोटोत हसायचं नसतं. फोटोग्राफर बिचारा चार वेळा म्हणाला, "सर, नो स्माइल प्लीज."