मम्मीचा उपास

पर्युषणाच्या पहिल्याच सकाळी शेजारच्या विमळामासींनी दारातून विचारलं, "पंक्ती, तुझी मम्मी उपाश्रयात प्रवचनाला दिसली नाही गं?" आणि दहा वर्षांच्या पंक्तीच्या तोंडून निघून गेलं, "तिचा उपास आहे."

झालं. भावनगरच्या त्या जैनांच्या गल्लीत एवढं पुरे होतं. खरं म्हणजे तिची मम्मी, रंजनबेन, महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. बोलणं नाही, वेणीफणी नाही. संध्याकाळी पंक्ती शेजारी बसून भरवायची, तेव्हा कशीबशी चार घास खिचडी पोटात जायची.

दुसऱ्या दिवशी मासींनी पुन्हा विचारलं. "आज पण," पंक्ती म्हणाली. आता माघार कशी घेणार?

"म्हणजे अठ्ठाई करतेय. आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर, आणि वर मौन. धन्य आहे बाई," मासी म्हणाल्या आणि गल्लीभर सांगत सुटल्या.

पंक्तीने घाबरून पप्पांना सांगितलं. निरंजनभाई बराच वेळ चप्पल शोधत राहिले. "राहू दे बेटा. उपास म्हटलं की लोक पाया पडतात. दुसरं काही सांगितलं तर फिरकायचे नाहीत."

बायका ख्यालीखुशाली विचारायला येऊ लागल्या. त्यांनी स्तवनं गायली, पाय चेपले. रंजनबेन कूस बदलेनात. "बघा, देहाचं भानच नाही," कुणीतरी डोळे पुसले. सेवा म्हणून दोघी तर मुक्कामालाच राहिल्या. आठ दिवस पुरे झाले की तपस्विनीला गावभर मिरवायला बग्गीही ठरली. या सगळ्या भक्तीत ते चार घास मात्र बंद पडले. पंक्तीची थाप आता खरी झाली होती. मम्मी अशानं मरेल, असं तिला वाटू लागलं.

शेवटी तिने गुपचूप कुकर लावला. पण शिट्टी कुठे गुपचूप होते? स्तवन जागच्या जागी थांबलं.

"तपस्विनीच्या घरात खिचडी?" मासींनी वाफ सोडून झाकण उघडलं आणि वाटीत काढून बघितलं.

"मम्मीचा उपास नाहीये," पंक्ती म्हणाली. "तिला काही करावंसंच वाटत नाही. खावंसं पण नाही. मी खोटं बोलले."

एकीने पदर सावरला, दुसरी चपला बघू लागली. मग गल्लीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या जडावबा गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि त्यांनी मासींच्या हातून वाटी काढून घेतली.

"हा उपास मी पण केलाय," खाटेवर बसत त्या म्हणाल्या. "माझा रमणिक जन्मला तेव्हा. तीन महिने. सगळ्यांनी पाया पडून घेतलं. काय होतंय, ते एकीनंही विचारलं नाही."

भिंतीकडचं तोंड हळूहळू वळलं. "बा," रंजनबेनचा आवाज गंजलेला होता, "मग तुम्ही बऱ्या कशा झालात?"

"झाले कुठं?" जडावबांनी घास पुढे केला. "मला बग्गीत बसवून गावभर फिरवलं. मग पडून राहायची लाज वाटायला लागली, म्हणून उठले. तू ती बग्गी इकडे बोलव, आपण दोघी डॉक्टरकडे जाऊ."