दिगूकाकांनी चंद्राची मोजणी काढली

दिगूकाकांनी मोजली नाही अशी वस्तू आमच्या वाडीत शिल्लक नाही. बाजारातून आणलेला बांगडा आधी वितीने मोजतात, मगच तव्यावर टाकतात. माझ्याकडे चहाला आले की कपात बोट उभं धरून "गेल्या खेपेक एक पेर जास्त होतो" असं माझ्या बायकोला ऐकू जाईल अशा बेताने सांगतात. एका लग्नात त्यांनी अंतरपाटाला वीत लावली, तेव्हा मुहूर्त टळेल या भीतीने भटजींनी मंगलाष्टकं अशा वेगाने आटोपली की नवरामुलगा 'सावधान' व्हायच्या आत बोहल्यावरून उतरला होता.

मोजणी खात्यात जमिनी मोजायची साखळी ओढण्यात त्यांची सारी नोकरी गेली. निवृत्त झाले, साखळी सरकारजमा झाली, पण हात काही थांबेनात. "हद्द कळाक व्हयी," हे त्यांचं पालुपद. बायको कधीचीच वारली, मूलबाळ नाही. तेव्हा घरात मोजण्यासारखं फारसं उरलेलं नाही.

एक मोजणी मात्र त्यांना महागात पडली. त्यांच्या आणि धाकट्या भावाच्या, वसंताच्या खळ्यांच्या, म्हणजे अंगणांच्या मधे हद्दीचा गडगा आहे, चिऱ्यांची बुटकी भिंत. वसंता नोकरीला मस्कतला. तो तिकडे असताना काकांनी एकट्यानेच हद्द मोजली, आणि गडगा हातभर पलीकडे सरकला. वसंता सुट्टीवर आला, गडग्याकडे बघून "माझ्या पाठी मोजलस" एवढंच म्हणाला आणि परत गेला. तेव्हापासून तो काकांचा फोन घेत नाही.

तर एकदा दिवेलागणीला काका माझ्या पायरीवर बसले होते. वर चंद्र. हयसून किती लांब पडता, म्हणून विचारलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे तोंड आवरत नाही. साधारण तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर, म्हटलं. कोणी मोजलं, कसं मोजलं? मी सांगितलं की माणसांनी चंद्रावर आरसे ठेवलेत. इथून लेझरचा झोत सोडतात, तो अडीचेक सेकंदांत परत येतो, प्रकाशाचा वेग ठाऊक आहे, त्यावरून हिशेब.

काकांचा चेहरा आंबट झाला. "म्हणजे हयसून हाक मारूची आणि वाट बघित रवाचा. एकट्याची मोजणी ती. मास्तरानू, लगतवालो, म्हणजे शेजारचो जमीनवालो, हजर नसताना केलेली मोजणी टिकत नाय."

मग मी जुनी रीत सांगितली. अंगठा समोर धरा, एकदा हा डोळा मिटा, एकदा तो. अंगठा मागच्या माडासमोर सरकलेला दिसतो. किती सरकला, त्यावरून तो किती लांब ते कळतं. चंद्रासाठी दोन डोळे एकमेकांपासून हजार-दोन हजार किलोमीटरवर हवेत, म्हणजे दोन माणसं. दोघांनी एकाच क्षणी बघायचं, आणि मागच्या माडाच्या जागी चंद्राशेजारचा एखादा तारा नाहीतर ग्रह धरायचा.

झालं. पुढचा आठवडाभर काका दिसेल त्याच्यासमोर अंगठा धरून आळीपाळीने डोळे मिचकावत फिरले. विहिरीवरच्या बायकांनी पाण्याची वाट बदलली. कोपऱ्यावरच्या दुकानात रोज सभा भरू लागली. आमचा सरपंच म्हणाला की मोजणी त्याच्या आवाटातूनच, म्हणजे त्याच्या वस्तीतूनच झाली पाहिजे, तिथून चंद्र जवळ पडतो. एका देवगडकर पाहुण्याने आपल्याकडचा चंद्र हापूससारखाच मोठा असतो असं सांगून भांडण लावलं. चंद्राला जागेवर ठेवून आमचं मालवण आणि त्याचं देवगड भांडून वेगळी होतात की काय, अशी वेळ आली.

दुसरा माणूस कोण, ते मात्र काका सांगेनात. शेवटी चंद्राशेजारी गुरू आला त्या रात्री ते माझ्या पायरीशी उभे राहिले, गडग्याकडे बघत.

"मस्कतचो व्हयो," म्हणाले. "तुमच्या फोनावरसून लावा. माझो नंबर बघून तो घेवचो नाय."

मी लावला. गावातून अवेळी फोन म्हटल्यावर वसंताने पहिलं विचारलं, कोण गेलो? कोणी नाही, म्हटलं, तुझ्या भावाला चंद्र मोजायचा आहे. पलीकडे एवढी शांतता पसरली की लेझरच्या दहा-बारा फेऱ्या सहज झाल्या असत्या. मग दार उघडल्याचा आवाज आला. तो गॅलरीत गेला होता.

मी स्पीकर चालू करून फोन काकांच्या हातात दिला. ना नाव, ना ख्यालीखुशाली. "गुरू दिसता?"

"दिसता."

"चंद्राच्या आणि त्येच्या मधी किती चंद्र मावतीत?"

"दीड."

"माका एकच दिसता."

मला वाटलं, पुन्हा तोच हातभर.

"म्हणजे परत माझाच चुकला," वसंता म्हणाला.

काकांनी अंगठा चंद्रासमोर धरून पुन्हा बघितलं. उभ्या जन्मात या माणसाने कुणाला बोटभर सूट दिलेली मी पाहिली नव्हती.

"नाय रे," ते म्हणाले. "तुझा दीड बरोबर, माझा एक बरोबर. दोघांक सारखा दिसला असता, तर मोजणीच झाली नसती." मग आवाज खाली गेला. "गडगो मोजताना तू हय व्हयो होतस."

पलीकडे गॅलरीत खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग वसंताने विचारलं, "जेवलस?"

मी घरात आलो. बाहेर बांगड्याचा दर, काजूचा मोहर, वसंताच्या गुडघ्याचं दुखणं, असं काहीबाही चाललं होतं. बऱ्याच वेळाने काका फोन परत द्यायला आले. आकडा काय आला, मी विचारलं.

"मोजणी अपुरी ऱ्हवली," माझ्याकडे न बघता म्हणाले. "उद्या परत फोन लावूक व्हयो."

उद्या चंद्र गुरूपासून पार लांब गेलेला असणार, हे आठवडाभर आभाळाकडे बघणाऱ्या त्या माणसाला काय मी सांगायचं? मी म्हटलं, लावू.