तीन नंबरची तक्रार निकाली

जिथून आवाज येत नाही तिथे सर्व काही सुरळीत आहे, या तत्त्वावर आपली कार्यालये, बहुतेक संसार आणि सौंदडमधली एक मोटारगाडी चालते. (मोटारगाडी तूर्तास बंद आहे. तत्त्व अबाधित आहे.)

या तत्त्वाचे सौंदडातले ज्येष्ठ उपासक म्हणजे देवीदास रामटेके, निवृत्त भूकरमापक. उभी हयात त्यांनी जमिनी मोजण्यात घालवली, आणि धानाच्या मुलखात जमीन मोजणे म्हणजे धुरा मोजणे. दोन बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, मधला हा मातीचा धुरा नकाशात नुसती रेघ असतो. प्रत्यक्षात दर चिखलणीला अलीकडचा त्यातून एक फावडे मारतो, पलीकडचा एक फावडे मारतो, आणि समोरच्याने धुरा खाल्ला म्हणून दोघेही अर्ज करतात. देवीदास जात, मोजणी करत, पंचांच्या सह्या घेत, खुणेचा दगड होता तिथे परत रोवत आणि चहा पिऊन येत. धुरा कोण खातो या भानगडीत ते पडत नसत. (तो मोजणीचा विषय नाही.) त्यांच्याकडच्या तक्रारींपैकी शंभर टक्के निकाली निघाल्या. त्यांतल्या ऐंशी टक्के पुढच्या हंगामात परत आल्या, पण तारीख नवी असल्याने त्या नव्या धरल्या गेल्या. उरलेल्या वीस टक्के प्रकरणांत धुराच शिल्लक राहिला नव्हता, त्यामुळे तक्रारीला जागा उरली नाही. निरोप समारंभात या कामगिरीचा गौरवाने उल्लेख झाला.

निवृत्तीनंतर माणसाने स्वतःला गुंतवून घ्यावे असे डॉक्टर सांगतात. कशात, ते सांगत नाहीत. देवीदासांनी गोंदियाच्या एका बंद राईस मिलच्या गोदामातून जुनी परदेशी गाडी आणली. गोल पाठीची, इंजिन मागे आणि सामान पुढे, आणि इंजिनात पाण्याचा थेंब नाही. ते फक्त वाऱ्यावर थंड होते. आणली तेव्हा आत एक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. (तिचे यथायोग्य पुनर्वसन करण्यात आले.) गावाने गाडीचे नाव कासव ठेवले, आणि देवीदासांनीही ते मनाला लावून घेतले नाही.

इंजिन कोहमाऱ्याच्या चौकातल्या दुर्गाप्रसाद मिस्त्रीने पूर्ण खोलून नव्याने बांधले. त्यात आठ व्हॉल्व्ह असतात. सात नवे घातले. आठवा, तीन नंबरच्या सिलेंडरचा धूर बाहेर सोडणारा, जुनाच ठेवला. तो दिसायला धडधाकट होता, आणि जुन्या माणसाला काढून नवा भरण्याच्या धोरणाबद्दल देवीदासांचे निवृत्तीपासून काही ठाम विचार झाले होते. अनुभवाला किंमत आहे, असे त्यांनी दुर्गाप्रसादला सुनावले. दुर्गाप्रसाद म्हणाला, बराबर आहे साहब. गिऱ्हाईक म्हणेल ते बराबर, हे त्याच्या गॅरेजातले कधी न गंजणारे एकमेव हत्यार आहे.

आता थोडी तांत्रिक माहिती देणे क्रमप्राप्त आहे. व्हॉल्व्हच्या शेपटीवर रॉकर नावाचा एक छोटा हातोडा ठोके देतो. इंजिन थंड असताना हातोडा आणि शेपूट यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा ठेवावी लागते, वहीची दोन पाने सरकतील एवढी. तिला मिस्त्री लोक टॅपेटची गॅप म्हणतात. ही जागा आहे तोवर इंजिन टकटक करते आणि व्हॉल्व्ह नीट मिटतो. जागा संपली की टकटक थांबते, व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहतो आणि आतल्या आगीत जळत बसतो. थोडक्यात, इंजिन बोलते तोवर बरे असते आणि गप्प झाले की मरायला लागते. हे सोपे आहे, म्हणूनच कोणाच्या लक्षात राहत नाही.

बांधणीनंतर कासव पहिल्यांदा सुरू झाले तेव्हा चांगलेच बोलले. शेजारचे केवलराम चष्मा पुसत बाहेर आले, गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाले, "भाऊ, गाडीत शिलाई मशीन कायले बसवली?" देवीदासांना हे लागले. त्यांनी दुर्गाप्रसादला फोन केला. तो म्हणाला, नया इंजन है साहब, बोलेगा. महिन्याभरात टकटक मंदावली. पुन्हा फोन केला. तो म्हणाला, सेट हो गया साहब, अब नहीं बोलेगा.

याच सुमारास घरातही एक टकटक चालू होती. देवीदासांच्या पत्नी सुमनबाई यांची थोरली बहीण निर्मलाबाई दरेकशाला राहते. उन्हाळ्यात ती अंगणात घसरून पडली, मांडीचे हाड मोडले, आणि ती खाटेला खिळली. सुमनबाईंना तिला भेटायला जायचे होते. सौंदडहून गोंदियाला आणि गोंदियाहून दरेकशाला रेल्वे जाते, हे देवीदासांना माहीत होते; पण अंगणात मोटार असताना पॅसेंजरने जाणे म्हणजे मोटारीवर अविश्वास दाखवणे. ते म्हणाले, गाडी तयार होऊन राहिली, गाडीनेच जाऊ. तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या कपाबरोबर प्रश्न येई, "अजी, बाईकडं कधी जाऊन राहिलो आपन?" देवीदास रोज म्हणत, या आठवड्यात. हे उत्तर त्यांना आयुष्यभर उपयोगी पडले होते.

पुढे प्रश्न एक दिवसाआड येऊ लागला. मग फक्त रविवारी. पोळा जवळ आला तेव्हा तो बंदच झाला. घरातील तक्रारींत शंभर टक्के घट झाल्याची देवीदासांनी समाधानाने दखल घेतली आणि पान्हा उचलून गाडीच्या मागे जाऊन झोपले.

कारण कासव आता सकाळी सुरू व्हायला कुरकुरत होते. चढाला दम लागे, मागून मधूनच फट् असा आवाज येई. देवीदासांनी इंजिन थंड असताना पहाटेच झाकण काढले आणि गेजच्या पत्तीने आठही जागा मोजल्या. सात ठिकाणी पत्ती सरकली. तीन नंबरच्या जुन्या व्हॉल्व्हपाशी ती शिरेचना. जागा नाहीशी झाली होती.

जागा नाहीशी झाली हे शब्द कानी पडताच निवृत्त भूकरमापकाच्या अंगात जे वारे संचारते, ते पाहिले पाहिजे. अतिक्रमण झाले होते. लगतधारक दोन: वर रॉकर, खाली व्हॉल्व्ह. चौकशी रीतसर सुरू झाली. पहिला संशय वरच्या स्क्रूवर. तो ढिला होऊन आपोआप खाली फिरला असेल काय? देवीदासांनी जागा पूर्ववत केली आणि स्क्रूवर सुमनबाईंची नेलपॉलिश लावून खूण केली. (कित्येक वर्षांत तिचा हा पहिलाच वापर.) दोन आठवड्यांनी जागा परत गायब, नेलपॉलिश मात्र जिथल्या तिथे. रॉकर निर्दोष ठरला. दुसरा संशय असा की नवे इंजिन वापराने दाबून बसले असेल. पण बसायचे तर आठही बसतील आणि एकदाच बसतील. हा एकटाच बसतो आणि पुन्हा पुन्हा बसतो, असे कसे? तिसरा संशय व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो त्या कड्यावर. ते झिजले तर व्हॉल्व्ह आत रुततो आणि त्याची शेपूट वर येते. पण कडी सगळी एकाच दिवशी एकाच माणसाने नवी बसवली होती आणि बाकी सात आपापल्या जागी होती.

तेव्हा राहिला फक्त व्हॉल्व्ह. तो लांब होत होता. वाऱ्यावर थंड होणाऱ्या या इंजिनात तीन नंबरच्या वाटेत ऑइल कूलर उभा असतो आणि त्याच्या वाट्याचा वारा अडवतो. (कार्यालयात कूलरजवळची खुर्ची मिळवण्यासाठी वशिला लावावा लागतो. इथे उलट आहे.) म्हणजे तो सगळ्यांत जास्त तापत होता, त्यात जुना, आणि ताप सोसून सोसून दोरीसारखा ताणला जात होता. ताणलेली वस्तू एक दिवस तुटते. निदान अचूक होते. तज्ज्ञांनीही यापेक्षा वेगळे काही सांगितले नसते, आणि देवीदासांना स्वतःचा इतका अभिमान वाटला की ते उठून केवलरामांना सांगायला गेले.

निदानानंतर उपाय येतो. हेड काढा, व्हॉल्व्ह बदला. पण हेड काढायचे म्हणजे निकाली निघालेले प्रकरण पुन्हा उघडायचे, आणि त्यातून अनुभवाच्या किमतीबद्दलचे आपले मतही उघडे पडायचे. देवीदासांनी स्क्रू थोडा सैल केला, जागा होती तेवढी परत करून दिली आणि झाकण लावले. खुणेचा दगड रोवून झाला. चार दिवस टकटक, मग शांतता. पुन्हा दगड, पुन्हा टकटक, पुन्हा शांतता. होता होता त्यांना त्या शांततेचीच गोडी लागली, आणि शेवटच्या खेपेला त्यांनी मोजणी केलीच नाही. केवलराम कान लावून म्हणाले, "आता काई आवाज नाई येऊन राहिला, भाऊ." अख्ख्या आळीने माना डोलावल्या.

पोळा झाल्यावर एका सकाळी देवीदासांनी जाहीर केले की गाडी पूर्णपणे शांत झालेली आहे, सबब आज दरेकसा. सुमनबाईंनी लाखोरीच्या डाळीच्या वड्यांचा डबा घेतला, एक भली मोठी पिशवी पुढच्या डिक्कीत ठेवली आणि शेजारी बसल्या. पिशवी मोठी आहे हे देवीदासांच्या लक्षात आले. वडे जास्त असतील, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

गोरेगावच्या अलीकडे धानाच्या हिरव्या बांध्यांमधून गाडी चालली होती. इंजिन गप्प, सुमनबाई गप्प. इतका सुखाचा प्रवास आपण उभ्या जन्मात केला नाही, असे देवीदासांच्या मनात आले, आणि मागून असा दणका बसला की धुऱ्यावरचे बगळे उडाले. त्यानंतर जी शांतता झाली ती परिपूर्ण होती.

देवीदास मागचे झाकण उघडून उभे राहिले. बघण्यासारखे काही नव्हते, पण झाकण उघडून उभे राहण्याची पद्धत आहे. सुमनबाईंनी पुढून पिशवी काढली, पदर खोचला आणि मागून येणाऱ्या एसटीला हात केला.

देवीदास म्हणाले, थांब, दुर्गाप्रसादला बोलावतो, तासाभरात होईल.

"तुमी दुरुस्त करा," सुमनबाई म्हणाल्या. "मी जाते. तिची सून बाळंतपनाले माहेरी गेली, बाईजवळ कोनी नाई. धान कापनीपावतर मी तठीच राहीन."

"पन तुले रस्ता कसा सापडंल? गोंदियाले गाडी बदलावी लागते."

सुमनबाईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मी तं पोळ्याच्या आधी तीनदा जाऊन आली, पॅसेंजरनं. सकाळी गेली, संध्याकाळी आली. तुमी गाडीमागं झोपले होते. ताट झाकून ठेवलं ते तुमी जेवले."

एसटी थांबली आणि गेली. वड्यांचा डबाही गेला. देवीदास रस्त्याच्या कडेला बसले, आणि तिथे पहिल्यांदा त्यांनी घरातल्या शांततेची मोजणी केली. ती विचारायची थांबली तेव्हा तिचे समाधान झाले नव्हते. तिने त्यांच्यावर विसंबणे सोडले होते. तक्रारीला जागाच राहिली नव्हती. हे त्यांना कळायला हवे होते. त्यांचा तर तो धंदाच होता.

दुर्गाप्रसादने हेड काढले. व्हॉल्व्हचे डोके तुटून पिस्टनमध्ये घुसले होते. त्याने उरलेली दांडी नव्या दांडीशेजारी धरली. "ये तो लंबा हो गया था साहब. आपको पता नहीं चला?"

"पता होता," देवीदास म्हणाले. "आवाज येत नव्हता ना."

दुर्गाप्रसाद म्हणाला, बराबर आहे.

घरी आल्यावर देवीदासांनी स्वतः चहा केला आणि कप घेऊन ओट्याशी उभे राहिले. कोणी काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी ते गोंदियाला गेले आणि दरेकशाच्या पॅसेंजरमध्ये बसले. निर्मलाबाईच्या अंगणात पाय ठेवला तेव्हा सुमनबाई बहिणीचे पाय चेपत होत्या. त्यांनी वर पाहिले. "काऊन जी, तोच सदरा घालून आले? कोंबड्या कोनाच्या भरोशावर सोडल्या? गॅस तरी बंद केला का?" निर्मलाबाई खाटेवरून हसली. देवीदास दारातच उभे राहून ऐकत राहिले. जन्मात प्रथमच त्यांनी तक्रार निकाली काढली नाही. डोळ्यांत पाणी आले, ते त्यांनी चुलीच्या धुरावर ढकलले. (चूल थंड होती.)

हा किस्सा देवीदास आता कोणालाही सांगतात, स्वतःच्याच टकलावर चापट मारत सांगतात, आणि ऐकणारे पोट धरून हसतात. हसून झाल्यावर जो तो म्हणतो, आमच्याकडे बाबा तसे काही नाही, आमच्या घरी कोणाची कसली तक्रारच नाही. तुम्हीही आताच तसे म्हणालात. घर शांत असल्याशिवाय इतका वेळ निवांत वाचत बसता आले नसते, हेही खरेच. तुमचे अभिनंदन. फक्त आत कोणी आहे का, तेवढे एकदा उठून बघून या.